पिवळ्या अंगरख्याचे ऋणको

१९३४ सालच्या जुलै महिन्यात पिरेनीज पर्वतातील एका घाटरस्त्यावर टिपलेले एक छायाचित्र फ्रान्समध्ये आजही पुनःपुन्हा छापले जाते. रस्त्याच्या कडेच्या बुटक्या दगडी कठड्यावर वीस वर्षांचा एक मुलगा बसला आहे. त्याची सायकल शेजारी आहे, पण तिला पुढचे चाक नाही. आणि ज्या रस्त्याने त्याला या क्षणी भरधाव जावयास हवे होते, त्या रस्त्यावर तो जागच्या जागी बसून रडत आहे. मुलाचे नाव रेने व्हिएतो. भूमध्य सागराकाठच्या कान शहराच्या परिसरात जन्मलेला आणि तेथल्या हॉटेलात पोऱ्या म्हणून राबलेला हा मुलगा त्या वर्षी प्रथमच टूर द फ्रान्स शर्यतीत उतरला होता, आणि ग्रनोब्ल, दीन्य व कान येथे संपलेले आल्प्सकडचे तीन टप्पे जिंकून त्याने साऱ्या देशाला वेड लावले होते.

तो फ्रान्सच्या राष्ट्रीय संघात होता आणि त्या संघाचा नायक आंतोनँ मान्ये हा एकूण कालगणनेत सर्वांच्या पुढे, म्हणजे पिवळ्या अंगरख्याचा मानकरी होता. आक्स-ले-तेर्म या गावाकडे जाणाऱ्या टप्प्यात, प्विमोराँ घाटाच्या उतारावर मान्ये पडला आणि त्याच्या चाकाची लाकडी रिम मोडली. व्हिएतो जवळच होता. त्याने खाली उतरून आपले पुढचे चाक काढून दिले आणि मदतीच्या मोटारीची वाट पाहत तो कठड्यावर बसला. दुसऱ्या दिवशी पोर्ते दास्पे घाटात हाच प्रसंग अधिक कठोर रूपाने ओढवला. व्हिएतो पुढे निघून गेला होता. मागे मान्येची सायकल पुन्हा बिघडल्याचे कळताच तो उलटा फिरला, उतरून आलेला घाट समोरून येणाऱ्या स्पर्धकांतून वाट काढीत पुन्हा चढला आणि स्वतःची सायकल त्याने नायकाच्या हवाली केली. मान्ये विजेता म्हणून पॅरिसला पोहोचला. व्हिएतो पाचवा आला. मुंबई-पुणे सायकल शर्यतीत बोरघाट सर्वांआधी चढणाऱ्यास आपल्याकडे ‘घाटाचा राजा’ म्हणतात, तसाच मान तेथे महिनाभरच्या सगळ्या घाटांचे गुण मोजून देतात. तो त्या वर्षी व्हिएतोला मिळाला.

त्या छायाचित्राच्या आधाराने एक दंतकथा उभी राहिली, ती अशी की व्हिएतोने त्या कठड्यावर टूर गमावली. निकालाचे दफ्तर मात्र या दंतकथेला दुजोरा देत नाही. अखेरच्या गणनेत मान्ये आणि व्हिएतो यांच्यात जवळजवळ एक तासाचे अंतर होते, आणि कठड्यावर गेलेली मिनिटे व उलट चढलेला घाट या दोहोंची बेरीज त्या तासाच्या आसपासही जात नाही. आरंभीच्या सपाट टप्प्यांत आणि त्या वर्षी प्रथमच योजलेल्या, प्रत्येकाने एकट्याने घड्याळाविरुद्ध धावण्याच्या ९० किलोमीटरच्या टप्प्यात त्याचा पुष्कळ वेळ गेला होता. असे असूनही ते चित्र पाहताना मनाला जो चटका बसतो तो खोटा म्हणता येत नाही. त्या दोन दिवशी व्हिएतोने जे दिले त्यासाठी निकालपत्रकात रकाना नाही; रकाना नसला तरी देणे हे देणेच असते, आणि देणे असले की ऋणकोही असतो. धंदेवाईक सायकल शर्यतीत हे ऋण कसे निर्माण होते, ते कोण नोंदवून ठेवतो, आणि फेडण्याची वेळ आली की माणसे कशी वागतात, याचा हा शोध आहे.

ऋणाचे मूळ हवेत आहे, आणि हे अक्षरशः खरे आहे. सपाट रस्त्यावर ताशी चाळीस किलोमीटरच्या वेगाने जाणाऱ्या सायकलस्वाराच्या बळाचा फार मोठा भाग हवेचा पडदा फाडण्यात खर्च होतो. त्याच्या मागच्या चाकाला वीतभर अंतर ठेवून चिकटलेल्या दुसऱ्या स्वाराला तोच वेग सुमारे एक-तृतीयांश कमी श्रमात साधतो, आणि शंभर-दीडशे स्वारांच्या घोळक्याच्या पोटात दडलेल्याचे श्रम त्याहूनही कमी होतात. म्हणून जगातला सर्वांत बलवान स्वार जरी एकटा पुढे निघाला, तरी मागचा घोळका आळीपाळीने वारा खात दोन तासांत त्याला गाठतो. आणि म्हणूनच ज्याला तीन आठवडे आणि सुमारे ३,४०० किलोमीटरनंतर अग्रभागी राहावयाचे आहे, त्याच्यासाठी रोज कोणी तरी आपले ऊर वाऱ्यापुढे करावे लागते. आज टूरमधील संघ आठ जणांचा असतो. त्यांतील सात जणांनी आपले बळ अशा रीतीने खर्चावे की आठव्याचे शिल्लक राहावे, एवढेच या खेळातल्या साऱ्या मसलतींचे सार आहे.

घाट लागला की मात्र हे गणित पालटते. वेग उतरतो, वाऱ्याचा अडसर कमी होतो, लढाई पृथ्वीच्या ओढीशी सुरू होते, आणि तेथे दुसऱ्याच्या आडोशाचा लाभ फारसा उरत नाही. सपाटीवर सात जणांनी झाकून ठेवलेला नायक तेथे उघडा पडतो; मदतनीस एकामागून एक दमून बाजूला होतात; आणि शेवटच्या पाच किलोमीटरमध्ये जर शेवटचा मदतनीस दमलाच नाही, उलट नायकच धापा टाकतो आहे आणि मदतनीस मात्र मागे वळून त्याची वाट पाहतो आहे असे दृश्य दिसू लागले, तर संघाची सारी व्यवस्था त्या दोन माणसांमधल्या पाच-सहा हात अंतरात तोलली जाते. या खेळातले बहुतेक मोठे तंटे घाटातच का उद्भवले, याचे कारण स्वभावात शोधण्यापूर्वी या भौतिक नियमात शोधले पाहिजे.

मदतनिसाचे काम जवळून पाहण्यासारखे असते. उन्हाच्या दिवशी तो घोळक्याच्या शेपटाशी मागे पडतो, संघाच्या मोटारीच्या खिडकीशी येतो, आणि एका हाताने सायकल सांभाळीत दुसऱ्या हाताने पाण्याच्या बाटल्या घेत जातो: दोन सायकलच्या कप्प्यांत, तीन-चार पाठीवरच्या खिशांत, उरलेल्या गळपट्टीतून आत, छातीशी आणि खांद्यांच्या मध्ये, इतक्या की पाठीला कुबड आल्यासारखे दिसते. मग ते चार-पाच किलोंचे ओझे घेऊन, मोटारींच्या रांगेतून आणि शंभर-दीडशे स्वारांच्या फटींतून, ताशी पंचेचाळीसच्या वेगाने चाललेल्या घोळक्याच्या पुढच्या टोकाला त्याला जावे लागते. तेथे बाटल्या वाटून झाल्या की पुन्हा वाऱ्यात. नायकाचे चाक पंक्चर झाले तर आपले द्यावयाचे, नायक लघुशंकेला थांबला तर त्याच्यासाठी थांबावयाचे आणि त्याला पुन्हा घोळक्यात आणून सोडावयाचे. हे सारे करून घाट लागताच तो मागे पडतो, आणि विजेत्याच्या मागोमाग अर्ध्या-पाऊण तासाने, पण शर्यतीतून बाद होण्याची मुदत टळण्यापूर्वी, मुक्कामाला पोहोचतो. कारण उद्याची चाकरी बाकी असते.

मराठी फौजेत शिलेदार स्वतःचा घोडा घेऊन चाकरीस येई आणि बारगिराला घोडा सरकारातून मिळे, हे आपण शाळेत शिकलो आहोत. सायकल शर्यतीत सारेच बारगीर: यंत्र संघाचे, चाके संघाची, पगार संघाचा, अंगावरील कापडावर मालकाच्या मालाचे नाव. पण या बारगिरांतील प्रत्येक जण आपापल्या गावच्या, जिल्ह्याच्या, प्रांताच्या शर्यती एकट्याच्या बळावर जिंकून येथवर आलेला असतो. दुसऱ्याला पाणी पोहोचविण्याचे स्वप्न पाहून कोणीही पंधराव्या वर्षी सायकलवर बसत नाही. महत्त्वाकांक्षा हा येथे अपवाद नसून प्रवेशाचा परवाना आहे, आणि ज्या दिवशी माणूस संघात दाखल होतो त्याच दिवशी ती गहाण ठेवण्यास त्याला सांगितले जाते.

टूरचा संस्थापक आंरी देग्रांज याला ही गहाणवटच मुळी मान्य नव्हती. ‘लोतो’ या आपल्या वृत्तपत्राचा खप वाढावा म्हणून १९०३ साली त्याने ही शर्यत सुरू केली, तेव्हा त्याच्या डोळ्यांपुढे एकाकी वीराची प्रतिमा होती. दुसऱ्याच्या आडोशाने चालणारा स्वार त्याला फसवणूक करणारा वाटे. १९११ साली मोरिस ब्रोको नावाच्या स्पर्धकाने, स्वतःच्या विजयाची आशा मावळल्यावर, फ्रान्स्वा फाबेर या आघाडीच्या स्वाराला पैशासाठी मदत केली असा देग्रांजला संशय आला आणि त्याने वृत्तपत्रातून ब्रोकोला घरगड्याची उपमा देऊन हिणविले. अपमानाने पेटलेला ब्रोको पुढच्याच डोंगरी टप्प्यात सर्वांना मागे टाकून जिंकला. देग्रांजने त्याला शर्यतीतून काढून टाकले. ज्याच्या अंगी इतके बळ आहे त्याने आदल्या दिवशी ते विकले होते हेच सिद्ध झाले, असा त्याचा युक्तिवाद होता. युक्तिवाद तर्काला धरून होता, न्यायाला धरून नव्हता. काळाचा ओघ देग्रांजच्या बाजूने राहिला नाही. १९३० साली त्याने राष्ट्रीय संघांची पद्धत स्वीकारली, आणि त्याने शिवी म्हणून वापरलेला तो फ्रेंच शब्द आज या धंद्यातील सन्मान्य हुद्दा झाला आहे.

हा हुद्दा किती खोलवर माणसाच्या रक्तात मुरू शकतो, याचे उदाहरण म्हणून मला नेहमी आंद्रेआ कारेआ आठवतो. दुसऱ्या महायुद्धात बुखेनवाल्डच्या छळछावणीतून जिवंत परतलेला हा इटालियन स्वार फाउस्टो कोपी या महान नायकाचा निष्ठावंत मदतनीस होता. १९५२ च्या टूरमध्ये लोझानच्या टप्प्यावर, आपल्या नायकाच्या हितासाठी पुढे पळालेल्या टोळीवर नजर ठेवण्यास तो तिच्यासोबत गेला, ती टोळी गाठली गेलीच नाही, आणि मुक्कामी पोहोचल्यावर त्याला सांगण्यात आले की एकूण कालगणनेत तोच पहिला असून पिवळा अंगरखा त्याचा आहे. सायकलस्वाराच्या आयुष्यातील तो परमोच्च क्षण; कारेआला मात्र रडू कोसळले, आणि नायक रागावेल या धास्तीने तो कोपीपुढे क्षमायाचना करीत उभा राहिला. कोपीने त्याचे अभिनंदन केले. दुसऱ्या दिवशी आल्प द्युएझचा घाट टूरमध्ये प्रथमच चढला गेला, आणि तेथे जिंकून कोपीने तो अंगरखा आपल्या अंगावर घेतला. कारेआच्या अश्रूंचे कौतुक करावे की त्यांनी अस्वस्थ व्हावे, याचा निर्णय माझ्याच्याने होत नाही. ज्या माणसाने छावणी पाहिली त्याला एका मुकुटाने भय वाटावे, ही गोष्ट निष्ठेच्या कौतुकात बसवून टाकण्याइतकी सोपी नाही.

कोपीची स्वतःची कहाणी मात्र व्यवहाराच्या दृष्टीने अधिक बोधप्रद आहे. त्याचा प्रतिस्पर्धी जिनो बार्ताली हा त्याच्याहून पाच वर्षांनी वडील, १९३८ आणि १९४८ अशा दहा वर्षांच्या अंतराने दोन टूर जिंकलेला. १९४८ च्या जागतिक अजिंक्यपदाच्या शर्यतीत, हॉलंडमधील व्हाल्केनबुर्ख येथे, हे दोघेही इटलीच्या एकाच संघात होते. दुसऱ्याने जिंकू नये या एकाच चिंतेने दोघेही एकमेकांवर पहारा करीत राहिले आणि अखेर दोघांनीही शर्यत सोडून दिली. इटलीच्या सायकल महासंघाने दोघांनाही निलंबित केले. पुढच्याच वर्षी त्या दोघांना एकाच संघात घालून टूरला नेण्याची जोखीम आल्फ्रेदो बिंदा याच्यावर पडली. बिंदा स्वतः पूर्वीचा थोर विजेता. त्यामुळे मानी माणसाचा मान कोठे दुखतो हे त्याला कोणी शिकवावे लागले नाही. शर्यत सुरू होण्याआधीच त्याने दोघांना समोरासमोर बसवून समेट घडवून आणला, आणि वाटेत तो समेट मोडण्याच्या बेतात आला तेव्हा प्रत्येक वेळी त्याने निर्णय उघडपणे आणि स्वतःच्या तोंडाने दिला.

सँ-मालोच्या वाटेवर कोपी पडला, त्याची सायकल मोडली, आणि संघ आपल्याला पुरेसा पाठिंबा देत नाही असे वाटून तो शर्यत सोडून घरी जावयास निघाला. तेव्हा तो कालगणनेत अर्ध्या तासाहून अधिक मागे पडला होता. बिंदाने त्याला समजावून थांबविले. पुढे आल्प्समध्ये, कानहून ब्रियाँसाँला जाणाऱ्या टप्प्यात, इझोआरच्या उजाड घाटातून दोघे इटालियन बाकी सर्वांना मागे टाकून जोडीने गेले. तो दिवस १८ जुलै, बार्तालीचा पस्तिसावा वाढदिवस. कोपीने त्याला टप्पा जिंकू दिला आणि पिवळा अंगरखा बार्तालीच्या अंगावर चढला. दुसऱ्याच दिवशी इटलीतील आओस्ताच्या वाटेवर बार्तालीला अपघात झाला, आणि कोपीने थांबावे की पुढे जावे हा प्रश्न उभा राहिला. बिंदाने कोपीला पुढे जाण्याचा हुकूम केला. कोपीने टूर जिंकली. बार्ताली दुसरा, सुमारे अकरा मिनिटांनी मागे. बार्तालीला दुःख झाले नसेल असे कोण म्हणेल? पण त्याला कोणी खोटे सांगितले नव्हते.

हा शेवटचा मुद्दा मी मुद्दाम अधोरेखित करतो, कारण पुढील प्रकरणाचे सारे विष त्यातच आहे.

१९८५ साली बेर्नार इनो तीस वर्षांचा होता आणि पाचव्या टूर विजयाच्या उंबरठ्यावर होता. ब्रिटनी प्रांतातला हा शेतकरी कुळातला गडी, ‘बिज्जू’ या टोपणनावाने ओळखला जाणारा, हार पत्करण्याची सवयच नसलेला. त्याच्या ‘ला व्ही क्लेर’ संघाचा धनी बेर्नार तापी हा उद्योगपती, मार्गदर्शक पॉल केख्ली हा स्विस, आणि मदतीला आणलेला चोवीस वर्षांचा अमेरिकन ग्रेग लेमाँड हा स्वतः जगज्जेता होऊन आलेला. सँतेत्येनच्या मुक्कामाशी इनो पडला आणि त्याचे नाक मोडले. त्यानंतर पिरेनीजमधील लूझ आर्दिदाँच्या टप्प्यात तो चढावर मागे पडला, आणि लेमाँड आयर्लंडच्या स्टीफन रोशसोबत पुढे होता. त्या काळी कानात बिनतारी यंत्रे नव्हती. मागे किती अंतर आहे हे स्वाराला कळावयाचे ते मोटारसायकलवरून पाटीवर खडूने लिहिलेल्या आकड्यावरून, किंवा संघाच्या मोटारीतून ओरडून सांगितलेल्या वाक्यावरून. लेमाँडला मोटारीतून सांगण्यात आले की रोशला साथ देऊ नकोस, इनो तुझ्या मागे पाऊण मिनिटावर आहे आणि येऊन मिळतो आहे. लेमाँडने वेग आवरला. प्रत्यक्षात अंतर त्याहून पुष्कळ अधिक होते. थांबून राहूनही लेमाँडने रेषा ओलांडली तेव्हा इनो त्याच्या मागे मिनिटाहून अधिक होता. मुक्कामी पोहोचून खरी हकीकत कळल्यावर लेमाँड संतापाने रडला. पॅरिसमध्ये इनोने १ मिनिट ४२ सेकंदांनी टूर जिंकली, आणि पुढल्या वर्षी मी ग्रेगला जिंकून देण्यासाठी धावेन असे जाहीर वचन दिले.

वचन जाहीर होते, पण त्याचा मजकूर कोणी ठरविला नव्हता. मदत म्हणजे काय, ती केव्हा सुरू होते, आणि वचन देणाऱ्यास स्वतःच्या सहाव्या विजयाची संधी समोर दिसली तर वचनाचे काय होते, याविषयी धनी, मार्गदर्शक आणि दोन्ही स्वार वर्षभर मौन राहिले. १९८६ च्या टूरमध्ये पिरेनीजच्या पहिल्याच दिवशी, पोच्या टप्प्यात, इनो स्पेनच्या पेद्रो देल्गादोसोबत पुढे पळाला आणि त्याने लेमाँडवर साडेचार मिनिटांहून अधिक आघाडी मिळविली. लेमाँडला पाठलाग करता येईना, कारण आपल्याच संघातील माणसाचा पाठलाग करणे म्हणजे शत्रूला वाहून नेणे. दुसऱ्या दिवशी इनोने पुन्हा एकट्याने हल्ला चढविला, अतिसाहस केले, गाठला गेला, आणि सुपरबान्येरच्या चढावर लेमाँडने आदल्या दिवशीचे जवळजवळ सगळे नुकसान भरून काढले. आल्प्समध्ये ग्रानोच्या घाटात लेमाँडच्या अंगावर पिवळा अंगरखा आला. तो मिळविणारा हा पहिला अमेरिकन. त्याच्या दुसऱ्या दिवशी आल्प द्युएझची ती प्रसिद्ध चढाई झाली. २१ वळणांच्या त्या घाटातून इनो पुढे आणि लेमाँड त्याच्या मागे असे दोघे एकटेच चढले, बाकीचे पाच मिनिटांहून अधिक मागे राहिले, रेषेपाशी त्यांनी एकमेकांचा हात धरला, आणि लेमाँडने इनोला पहिला जाऊ दिला. जगाला वाटले समेट झाला. त्यानंतर थोड्याच वेळात, टूर अजून संपलेली नाही, अशा अर्थाचे उद्गार इनोने काढले.

अखेर लेमाँड ३ मिनिटे १० सेकंदांनी जिंकला आणि इनो दुसरा आला. मी प्रतिस्पर्ध्यांना दमवीत होतो, त्यामुळे लेमाँडचाच मार्ग सुकर झाला, अशी इनोची कैफियत आहे आणि ती सर्वस्वी निराधार नाही. त्याच्या हल्ल्यांनी इतर संघांचे कंबरडे मोडले हे खरे, आणि ला व्ही क्लेरचे चार स्वार पहिल्या सातांत आले हेही खरे. पण सहकाऱ्याला रात्री झोप लागू नये अशी मदत ही मदत नव्हे. माझे मत असे आहे की १९८६ चा दोष इनोच्या महत्त्वाकांक्षेचा नव्हता. पाच वेळा जिंकलेल्या माणसाने सहाव्यांदा जिंकू पाहणे हा त्याचा धर्मच होता. दोष संघाच्या कारभाऱ्यांचा होता, ज्यांनी दोन नायकांच्या मध्ये कागदावर रेघ ओढण्याचे टाळले. आणि १९८५ चा दोष त्याहून मोठा. व्हिएतोने चाक दिले तेव्हा आपण काय देतो आहोत हे त्याला पुरते ठाऊक होते. त्याचे अश्रू जाणत्या माणसाचे होते. लेमाँडकडून मात्र चुकीचा आकडा सांगून त्याग करवून घेतला गेला. पहिल्याला त्याग म्हणता येते. दुसऱ्याला हिरावून घेणे म्हणावे लागते. छायाचित्र पहिल्याचे उरले आणि फ्रान्स त्याच्यासाठी रडला, तरी माझ्या लेखी अन्याय दुसऱ्यावर अधिक झाला.

सन १९८७ मध्ये रोशनेच इटलीच्या जिरो शर्यतीत उलट टोकाचे उदाहरण घालून दिले: गुलाबी अंगरखा त्याच्याच संघाच्या रोबेर्तो व्हिसेंतिनीच्या अंगावर असताना साप्पादाच्या टप्प्यात त्याने हुकूम मोडून हल्ला केला, स्वतःच्या संघाने त्याचा पाठलाग केला, एडी स्केपर्स हा एकटा बेल्जियन सहकारी त्याच्या बाजूला उभा राहिला, आणि इटालियन प्रेक्षक रस्त्याच्या कडेने त्याच्यावर थुंकले. तो जिरो जिंकला, आणि त्याच वर्षी टूर व जागतिक अजिंक्यपदही. बंडखोराला यशाने माफी मिळते. अयशस्वी बंडखोरांची नावे कोणी लिहून ठेवीत नाही, म्हणून त्या उदाहरणावरून काही नियम काढण्याच्या मी विरुद्ध आहे. २०१२ साली ब्रिटनच्या ‘स्काय’ संघात ख्रिस फ्रूम घाटात आपल्या नायकाहून, ब्रॅडली विगिन्सहून, वरचढ दिसला, एकदा पुढे निघालाही, आणि कानातल्या यंत्रातून आलेल्या हुकमासरशी मागे फिरला. पुढच्या वर्षी टूर त्याने जिंकली. तेथे निदान हुकूम स्पष्ट होता.

मात्र ऋण फेडण्याचा प्रसंग जर कोणाला जवळून अभ्यासावयाचा असेल, तर त्याने २०२३ ची स्पेनची व्ह्युएल्टा पाहावी. अमेरिकेतील कोलोराडो राज्यातल्या दुरँगो गावचा सेप कुस हा हॉलंडच्या जम्बो-व्हिस्मा संघाचा डोंगरातला मदतनीस. त्या वर्षी मे महिन्यात जिरोमध्ये प्रिमोझ रॉग्लिचसाठी तो राबला आणि रॉग्लिच जिंकला. जुलैमध्ये टूरमध्ये योनास विंगेगोसाठी राबला आणि विंगेगो जिंकला. ऑगस्टमध्ये व्ह्युएल्टात संघाने दोघाही विजेत्यांना उतरविले आणि कुसला पुन्हा त्यांच्या दिमतीला दिले. सहाव्या टप्प्यात तो पुढच्या टोळीत गेला, जिंकला, आणि दोन दिवसांनी तेथील नायकत्वाचा लाल अंगरखा त्याच्या अंगावर आला. तुर्मालेच्या घाटमाथ्यावर विंगेगो पहिला, कुस दुसरा, रॉग्लिच तिसरा आला, आणि शर्यत एका संघाच्या घरातला मामला होऊन बसली. आता धनको आणि ऋणको यांची अदलाबदल झाली होती, आणि ती दोन्ही विजेत्यांना सहजासहजी मानवली नाही. एका छोट्या, तीव्र चढावर विंगेगोने कुसवर मिनिटभर मिळविले; दुसऱ्या दिवशी आंग्लिरू या अतिदुर्घट चढावर दोघेही त्याला मागे टाकून निघून गेले, रॉग्लिच टप्पा जिंकला, आणि कुसपाशी अवघ्या ८ सेकंदांची आघाडी उरली. जगभरच्या रसिकांत त्या दिवशी संतापाची लाट उसळली. तो संताप माझ्या मते रास्त होता. त्यानंतर संघाने ठरविले, आणि इनोच्या वेळी जे झाले नाही ते झाले: यापुढे दोघांनीही कुसच्या अंगरख्याचे रक्षण करावयाचे, असा निर्णय झाला व पाळला गेला. रॉग्लिचने आपले मत वेगळे असल्याचे लपविले नाही, पण पाळला त्यानेही. माद्रिदला कुस पहिला, विंगेगो १७ सेकंदांनी दुसरा, रॉग्लिच १ मिनिट ८ सेकंदांनी तिसरा. तिन्ही महाशर्यती एका वर्षात एकाच संघाने जिंकण्याची ती इतिहासातली पहिली वेळ होती.

त्या निर्णयाची किंमत संघाला द्यावी लागली. रॉग्लिचने त्याच शरदात संघ सोडला, आणि २०२४ ची व्ह्युएल्टा त्याने दुसऱ्या संघाच्या पोशाखात जिंकली. ती त्याची चौथी. कुसला त्या वर्षी नायक म्हणून उतरविण्यात आले, पण विजयाची पुनरावृत्ती त्याला साधली नाही. २०२५ ची व्ह्युएल्टा विंगेगोने जिंकली, आणि त्याच्यासाठी घाटात राबणाऱ्या सहकाऱ्यांमध्ये सेप कुस होता.